राजवाड्यात नाव लिहिलेला चोर

विनयपिटकातल्या महावग्गात भिक्षुसंघात कोणाला घ्यावे आणि कोणाला घेऊ नये याचे नियम आहेत. नियम कोरडे नाहीत. बहुतेकांच्या मागे काहीतरी घडलेले आहे. एका माणसाने चोरी केली, पळाला आणि भिक्षूंमध्ये जाऊन प्रव्रज्या घेतली. इकडे राजवाड्यात त्याचे नाव लिहून ठेवले होते: दिसेल तिथे मारावा. लोकांनी त्याला ओळखले. काही म्हणाले, हाच तो, मारून टाकू. इतरांनी अडवले, कारण संघात गेलेल्याला हात लावायचा नाही असा बिंबिसार राजाचाच हुकूम होता. पण कुरकुर वाढली, हे श्रमण असल्या माणसाला घेतातच कसे? अखेर बुद्धाने नियम घातला, की राजवाड्यात नाव लिहिले गेलेल्या चोराला प्रव्रज्या देऊ नये.

याच रांगेत तुरुंग फोडून आलेला आहे, फटके खाल्लेला आहे, डागण्या दिलेला आहे, कर्जदार आहे, दास आहे. आणि रांगेच्या तोंडाशी आहे अंगुलीमाल.

अंगुलीमालाची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे, पण तिचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. मज्झिमनिकायातल्या सुत्तानुसार राजा प्रसेनजित पाचशेच्या आसपास घोडेस्वार घेऊन या खुन्याला धरायला निघतो आणि वाटेत बुद्धाला भेटतो. बुद्ध विचारतो, हाच अंगुलीमाल मुंडन केलेला, काषाय वस्त्रातला, हिंसा सोडलेला असा दिसला तर काय करशील? राजा म्हणतो, उठून वंदन करीन, त्याला चीवर देईन. बुद्ध शेजारी बसलेल्या भिक्षूकडे हात करतो: हा अंगुलीमाल. राजाच्या अंगावर काटा उभा राहतो. पण तो शब्द पाळतो. दंडाने आणि शस्त्राने जे आम्हाला जमले नाही ते तुम्ही त्यांच्याविना केलेत, असे कबूल करून फौज घेऊन परत जातो. श्रावस्तीचे लोक मात्र परत जात नाहीत. हा भिक्षेला निघाला की कुठून ढेकूळ येते, कुठून काठी, कुठून खापरी. डोके फुटलेले, भिक्षापात्र मोडलेले, चीवर फाटलेले अशा अवस्थेत तो बुद्धाकडे येतो आणि बुद्ध त्याला म्हणतो, सोस.

विनयपिटक आणखी पुढचे सांगते. त्याला भिक्षूच्या वेशात पाहून लोक घाबरून पळू लागले, तोंडे फिरवू लागले, दारे लावू लागले; आणि नियम आला, की यापुढे कुख्यात चोराला प्रव्रज्या नाही. ज्या माणसाने धम्माची ताकद सिद्ध केली, त्याच्यामागून त्याच्यासारख्यांचे दार बंद झाले. माणूस बदलू शकतो का, याचे उत्तर बुद्धाने दिले होते. बदललेल्या माणसाच्या जुन्या नोंदीचे काय करायचे, इथे मात्र संघाला राजवाड्याशी तडजोड करावी लागली. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती तडजोड समजण्यासारखी आहे. संघाला राजाच्या राज्यातच भिक्षा मागायची होती.

डिजिटल तंत्रज्ञान आणि खासगीपणा यांची चर्चा निघाली की बोलणे मोबाइलमधले फोटो, ओटीपीची फसवणूक, मनात आलेल्या चपलेची जाहिरात पडद्यावर येणे यांभोवती फिरते. तेवढेच असते तर धर्मविचाराला त्यात पडायचे कारण नव्हते. पण राजवाड्यातली नोंद आता संगणकात आली आहे, आणि ती सहजासहजी झिजत नाही. जुन्या जगात कागदाला वाळवी लागे, हवालदाराची बदली होई, साक्षीदार म्हातारे होत, माणूस गाव बदलून दुसऱ्या जिल्ह्यात नव्याने उभा राही. यातले काहीच न्यायाने होत नव्हते, पण होत होते. कित्येकांना दुसरे आयुष्य मिळाले ते कोणाच्या दयेने नव्हे, सरकारी ढिलाईने.

आता संसदेने २०२२ मध्ये केलेला क्रिमिनल प्रोसिजर (आयडेंटिफिकेशन) कायदा पाहा. त्याने १९२० चा जुना कायदा बाजूला सारला. बोटांचे, तळव्यांचे, पायांचे ठसे, छायाचित्र, डोळ्यातल्या बुबुळाची आणि दृष्टिपटलाची प्रतिमा, जैविक नमुने, सही, हस्ताक्षर, इतके सारे घेता येते. हे सगळे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ठेवायची मुदत आहे ७५ वर्षे. विशीतल्या पोराच्या बोटांचे ठसे तो पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत. प्रायश्चित्तांचे तपशील देणाऱ्या धर्मशास्त्रकारांनीही मुदतीचा इतका दांडगा आकडा मानवी आयुष्यात बसवताना विचार केला असता.

ठशांचा हा उद्योग मुळात याच देशातला. १८५८ मध्ये बंगालातल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, पुढे नाकबूल होऊ नये म्हणून. १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातला पहिला अंगुलिमुद्रा विभाग उघडला. ठशांच्या वर्गीकरणाचे किचकट गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवले, पद्धतीला नाव मात्र साहेबाचे लागले, हेन्री. नंतर १९११ च्या क्रिमिनल ट्राइब्ज कायद्याने नोंदलेल्या जमातींच्या माणसांचे ठसे घेण्याची मुभा दिली. मूळ कायदा १८७१ चा. त्याचे गृहीतक सरळ होते: काही जमाती वंशपरंपरेने गुन्हेगार असतात, तेव्हा गुन्ह्याची वाट कशाला पाहायची?

याच कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तिथे आणून ठेवली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही. लोक तिला 'सेटलमेंट' म्हणत, आणि आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा सोलापुरातला पत्ता आहे; पत्रावर, आधार कार्डावर तो तसाच येतो. हजेरी चुकली की गुन्हा, गुन्हा झाला की नोंद, नोंद आहे म्हणून पुन्हा हजेरी. कारखाना स्वतःचाच माल खाऊन चालत होता.

या कामात धर्मही हातभार लावायला होता, हे विसरून चालणार नाही. मुक्तिफौज या ख्रिस्ती मिशनने देशात अशा अनेक वसाहती चालवल्या. आंध्रातले स्टुअर्टपुरम त्यांतलेच. पापी माणसाचे हृदयपरिवर्तन हा ज्यांचा मूळ विश्वास, त्यांच्याच हाती हजेरीपट. आणि दोष एकट्या मिशनऱ्यांचा कसा म्हणावा? पूर्वजन्मीचे संचित म्हणून या जन्मीची जात, ही नोंद तर आपल्याकडे कोणत्याही कचेरीपेक्षा जुनी. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, आत नाही. विठ्ठल-रुक्मिणी मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले.

ही सगळी गुंतागुंत सर्वांत नेमकी पकडली ती डॉ. आंबेडकरांनी. त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेचा स्वतंत्र भाग आहे आणि अंगुलीमाल त्यात आहे. त्याच ग्रंथात त्यांनी कर्मसिद्धान्ताची चिरफाड केली आहे. कर्माला फळ असते, नैतिक व्यवस्था त्यावर चालते, हे त्यांना मान्य. पण गेल्या जन्मीचे कर्म या जन्मीची स्थिती ठरवते, हे त्यांनी साफ नाकारले. कारणे दोन दिली. एक, सगळे आधीच ठरलेले असेल तर माणसाच्या प्रयत्नाला जागाच उरत नाही. दुसरे अधिक बोचरे: गरिबांच्या आणि खालच्या समजल्या गेलेल्यांच्या हालअपेष्टांची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज अशा सिद्धान्ताचा उपयोग दिसत नाही.

हे दुसरे कारण आजच्या संगणकाला जसेच्या तसे लागू पडते.

अमेरिकेत 'कॉम्पास' नावाची प्रणाली न्यायालयांत वापरली जाते. आरोपी पुन्हा गुन्हा करील का, याचे ती एक ते दहा असे गुण देते. तिच्या प्रश्नावलीत १३७ प्रश्न होते, आणि त्यांत आईबापांपैकी कोणी तुरुंगात गेले होते का, हाही. वाल्या कोळ्याच्या कथेत नारद विचारतो, तुझ्या पापात घरचे वाटेकरी आहेत का? बायकापोरे कानांवर हात ठेवतात. ज्याचे त्याने भोगावे. निदान तेवढा न्याय त्या कथेत आहे. कॉम्पासमध्ये बापाची शिक्षा पोराच्या माहितीत भरली जाते. २०१६ मध्ये 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीमधल्या सात हजारांहून अधिक आरोपींचे गुण तपासले. ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही, त्यांच्यात काळ्यांना 'धोकादायक' ठरवण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाले. कंपनीने हे अमान्य केले, आपल्या पद्धतीने पाहिल्यास गुण दोघांनाही सारखेच खरे ठरतात असे सांगितले. आणि संशोधकांनी नंतर दाखवून दिले, की दोन गटांच्या पुनर्गुन्ह्याच्या नोंदीच मुळात वेगळ्या असतील तर हे दोन्ही प्रकारचे न्याय एकाच वेळी साधणे गणितानेच शक्य नाही. म्हणजे कोणता न्याय हवा हे कोणीतरी ठरवावे लागते. तो कोणीतरी कोण, हे आरोपीला कळत नाही. त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने काही इशारे देऊन हे गुण वापरू दिले. सूत्र मात्र कंपनीचे व्यापारी गुपित राहिले.

न्यायाधीश म्हणतो, गुणपत्रिका समोर आहे. कंपनी म्हणते, निकाल न्यायाधीशाचा. प्रारब्धाचेही असेच असते; देणारा सापडत नाही.

अमेरिका दूर नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये नागपुरात 'मार्व्हल' ही कंपनी स्थापन केली. पोलिस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता आणणे आणि गुन्ह्यांचा अंदाज बांधणे हा तिचा जाहीर हेतू. तपासाचा वेळ वाचत असेल तर त्याला नाक मुरडायचे कारण नाही. आर्थिक फसवणुकीच्या एका प्रकरणात बँकेच्या हजारो नोंदी चाळायच्या असतात, आणि ठाण्यात माणसे किती असतात हे सर्वांना माहीत आहे. शंका आहे ती यंत्रात काय ओतले जाईल याची. यंत्र शिकते ते जुन्या गुन्हेनोंदींवरून. तालुक्यात दरोडा पडला की पहिली गाडी पारधी वस्तीकडे वळते. पुरुष पहाटे उचलले जातात, काही सुटतात, काहींवर कलमे लागतात. ज्या वस्तीवर जास्त गाड्या जातात तिथे जास्त नोंदी होतात. मग यंत्र नकाशावर तीच वस्ती लाल रंगात दाखवते आणि गाडी आणखी एकदा जाते. अशाच एका जमातीतल्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, विद्यापीठांत ते लागले. 'उचल्या' वाचलेल्या पिढीतलेच लोक आज शासनात बसून अशा यंत्रणांच्या निविदा काढत असतील. त्यांनी ते पुस्तक पुन्हा एकदा हातात घ्यायला हरकत नाही.

गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला गेला. तो विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ मध्ये. कुंपण गेले, वही राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातीय वागणुकीबद्दल जो निकाल दिला, त्यात कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितला आणि विमुक्त जमातींना जन्माने सराईत समजण्याच्या तुरुंगनियमांवर कोरडे ओढले. रद्द झालेल्या कायद्याची सवय सत्तर वर्षांनंतरही तुरुंगाच्या कागदावर जिवंत होती. त्या सवयीमागे संगणक नव्हता. असता तर ती सवय आकड्यांच्या आड लपली असती आणि तिला शोधायला वकिलाऐवजी संख्याशास्त्रज्ञ लागला असता.

खासगीपणा ही इंग्रजी बोलणाऱ्या सुखवस्तू लोकांची चैन आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ज्याला खायला नाही त्याला कसला आला खासगीपणा, हा त्यांचा युक्तिवाद. त्यांनी खडकसिंगाचा खटला वाचावा. उत्तर प्रदेशातला हा माणूस १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडला गेला, पुरावा नाही म्हणून सुटला. तरी पोलिसांनी त्याची 'हिस्टरी शीट' उघडली. रात्री-अपरात्री शिपाई दार ठोठावून तो घरात आहे का बघत. गावाबाहेर निघाला की पुढच्या ठाण्याला वर्दी जाई. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री घरात शिरण्याची पद्धत रद्द केली, बाकीची पाळत राहू दिली. राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क नाही, असेही म्हटले. भारतातल्या खासगीपणाच्या वादाचा एक पाय असा पुराव्याअभावी सुटलेल्या गावाकडच्या माणसाच्या ओसरीत आहे.

तो निकाल पुसला गेला २४ ऑगस्ट २०१७ रोजी. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात केलेल्या याचिकेतून नऊ न्यायाधीशांचे पीठ बसले आणि त्याने एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्यातच आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागायचा हक्क नाकारणारा १९७६ चा जबलपूर निकालही मोडीत काढला, ज्याच्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. वृत्तपत्रांनी बापलेकाचे नाते चघळले, आणि ते साहजिक होते. पण त्या जाडजूड निकालात या लेखाच्या विषयाला सर्वांत जवळचे लिहिले ते न्या. संजय किशन कौल यांनी. त्यांचा मुद्दा असा, की माणसे एका जागी थिजलेली नसतात, ती वाढतात, चुकतात, सुधारतात, आणि जुन्या चुकांची बेडी आंतरजालाने पायात कायमची अडकवू नये. स्वतःला नव्याने घडवायचा त्यांना अधिकार आहे. विनयपिटकातल्या त्या नाव लिहिलेल्या चोराची बाजू कोणी मांडली असती तर याहून वेगळी मांडली नसती. वाल्याच्या अंगावर वारूळ चढले त्या वर्षांत त्याची हजेरी घ्यायला कोणी आले नाही, म्हणून वाल्मीकी होता आले. खासगीपणाचे तात्त्विक मोल लपवालपवीत नाही, या अर्धवट अवस्थेत आहे: माणूस जुना राहिलेला नाही आणि नवा अजून सिद्ध झालेला नाही, तेव्हा त्याच्याकडे टक लावून पाहिले की तो जुन्यातच परततो.

याचा अर्थ नोंदच नको, असा घेता येत नाही. भटक्या-विमुक्तांना विचारा, त्यांची अर्धी तक्रार उलटी आहे. रेशन कार्ड नाही, जन्माचा दाखला नाही, मतदार यादीत नाव नाही. महाराष्ट्रात विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या जात प्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव तारीख आहे. त्या सुमारास आपले पूर्वज राज्यात राहत होते याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा बिऱ्हाड गाढवावर टाकून गावोगाव फिरत होते, त्यांनी त्या दिवसाचा पत्ता कुठून आणायचा? एका वहीत नाव सापडत नाही, दुसऱ्या वहीतून निघत नाही. तंत्रज्ञान पहिल्या वहीसाठी वापरले असते तर कोणी तक्रार केली नसती.

आणि पोलिसांची बाजूही ऐकायला हवी. २०१८ मध्ये दिल्लीत चेहरे ओळखणारी प्रणाली चाचणीसाठी लावली तेव्हा चार दिवसांत सुमारे तीन हजार हरवलेल्या मुलांची ओळख पटल्याचे उच्च न्यायालयाला सांगण्यात आले. ज्या आईचे लेकरू सापडले तिच्यापुढे खासगीपणाचे प्रवचन कोण करणार? पुढच्याच वर्षी मात्र केंद्र सरकारने त्याच न्यायालयात सांगितले, की या प्रणालीची अचूकता एक टक्काही नाही आणि तिला मुलगा-मुलगीही ओळखू येत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच खटल्यातल्या. पहिली लोकांच्या लक्षात राहिली.

आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. दुकानाच्या अ‍ॅपला, बँकेला, रुग्णालयाला माझी माहिती पुसा असे सांगायचा हक्क त्यात आहे. गुन्ह्याचा तपास आणि प्रतिबंध यांसाठी वापरल्या जाणाऱ्या माहितीला तो हक्क लागू नाही, आणि माहिती पुसण्याच्या बंधनातून राज्यसंस्थेला सूट आहे. कपड्यांच्या दुकानाला तुमची मापे विसरावी लागतील. ठाण्याला ठसे विसरायचे बंधन त्या कायद्यात नाही.

ते आहे २०२२ च्या कायद्यात, एका परंतुकात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला आणि कायदेशीर उपाय संपले, तर न्यायालयाने लेखी कारणे देऊन वेगळे सांगितले नसल्यास त्याच्या नोंदी नष्ट करायच्या आहेत. नियमांनुसार त्यासाठीची विनंती राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे जाते. बीड किंवा लातूरच्या सत्र न्यायालयातून सुटलेल्या पारधी तरुणाने आधी हा अधिकारी कोण हे शोधायचे, निकालाची प्रमाणित प्रत काढायची, अर्ज लिहून घ्यायचा. ही नोंद गेली तरी ठाण्याच्या डायरीतली, बीट अंमलदाराच्या मोबाइलमधली, सुटकेआधीच बातमीत छापून आलेली, अशा नोंदी उरतात. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज कोणाकडे करायचा हे कायद्यात लिहिलेले नाही.